न्हाणीघरातला दांडा

लुब्लिन, ३ नोव्हेंबर १९९८

चि. वितोल्द यास सेवेरिनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा, सर्व संतांच्या सणाला, तुझ्या आईवडिलांच्या थडग्यावर मी एकट्यानेच मेणबत्त्या लावल्या. वारा असा होता की एक पेटवावी तर दुसरी विझे. शेवंतीची कुंडी पांढरीच ने, पिवळी नको, असं तुझ्या ताईने, अनिएलाने, आरोग्यधामातून बजावलं होतं. पिवळी आईला खपायची नाही म्हणे. मेलेल्या सासूबाईंचा राग अजून आम्ही दोघं सांभाळतो आहोत.

फोन करणार होतो, पण फोनवर तुझ्याकडून ‘हं? हं?’ याखेरीज काही येत नाही. कारखान्याने तुझे कान खाल्ले, आता टपालखात्यावरच आपलं नातं टिकून आहे.

तर मुद्द्याचं. तुझ्या बहिणीच्या खुब्याचं हाड जुळलं. काठी घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाते आणि येताना इतर बायकांच्या चालण्यातल्या चुका काढते, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. महिनाअखेर तिला सोडणार. पण कुठे सोडणार, हा प्रश्न आहे. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की घरी न्यायचं असेल तर टबाच्या टोकाशी भिंतीत आधाराचा दांडा हवा, आणि तो माणसाचं सगळं वजन तोलणारा हवा. पुन्हा पडल्या तर हाड जुळण्याची आशा धरू नका. दांडा नसला तर चर्चच्या सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात डिसेंबरात एक खाट रिकामी होते आहे. मी विचारलं, थोड्या दिवसांपुरतीच ना? बाई खिडकीकडे बघून म्हणाल्या, की थोड्या दिवसांपुरतं म्हणूनच सगळे येतात.

वितोल्द, त्या खिडकीबाहेर एक बर्चचं झाड होतं, पान न पान झडलेलं. तिसरीत आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटत शिशिराची कविता म्हणून घ्यायचे, ती मला तिथे बसल्या बसल्या आठवली, आणि तिचं शेवटचं कडवं काही केल्या आठवेना. परत येताना बसमध्ये आठवलं. त्यात वसंत येतो. तेव्हाच मी ठरवलं की दांडा बसणार.

सोसायटीच्या ऑफिसात गेलो. दांडा त्यांनी दिला, बोल्ट दिले, बसवणारा मात्र एकच आणि त्याची पाळी नव्या वर्षानंतर. मीच बसवीन म्हणालो, तर तिथल्या मुलीने माझा चष्मा पाहिला, मग माझे हात पाहिले, आणि आजोबा, घरात कोणी तरुण नाही का, असं गोड आवाजात विचारलं. वरच्या मजल्यावरच्या बेनेदिक्तने त्याचं साधं ड्रिल दिलं. सकाळभर टेकून उभा राहिलो. बिट निळं पडलं, खोलीत जळका वास सुटला, आणि भोक झालं नखाएवढं. या भिंती कारखान्यात ओतून क्रेनने रचलेल्या. एकाहत्तर साली किल्ली हातात पडली तेव्हा मीच त्यांना हात लावून किती मजबूत, किती मजबूत म्हणून नाचलो होतो. आता भोगतो आहे.

तुझं ते मोठं हॅमर ड्रिल मला हवं आहे. हसायचं तेवढं हसून घे आणि पाठव.

लोभ जुना आहे, त्याला कसर लागू देऊ नकोस.
तुझा,
सेवेरिन


तोरुन, ५ नोव्हेंबर

ती. भावोजी यांस वितोल्दचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चष्मा बदलायला झाला. तुम्ही आणि काँक्रीटला भोक! सगळा जन्म ज्यांनी सुईपेक्षा जड हत्यार उचललं नाही, बल्ब बदलायला खुर्चीवर चढले तर तिथूनच चंद्रावरची कविता म्हणत बसले, ते आमचे शिंपीमहाराज भिंतीवर चालून निघाले! बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली की आधी बिल्डिंगचा विमा उतरवा.

माझा गुडघा उघडून शिवला आहे, नाहीतर मीच येऊन थडकलो असतो. नाताळपर्यंत थांबा, असं लिहायला बसलो होतो. पण त्या खाटेचं वाचलं आणि पेन पुढे सरकेना. तेव्हा यंत्र पाठवतो आहे. सोमवारी सकाळी बसस्टँडवर जा, ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे, हिरवी पत्र्याची पेटी देईल. कंबर सांभाळून उचला.

आता नीट ऐका. साधं ड्रिल काँक्रीटला गुदगुल्या करतं. या यंत्राच्या पोटात हातोडा आहे, ठोकायचं काम तो करतो. तुम्ही फक्त सरळ धरायचं. जोर लावून ढकललंत तर भोक लवकर पडत नाही, माणूस लवकर दमतो. बाजूची मूठ घट्ट पिळून बसवल्याशिवाय बटणाला बोट लावू नका. आतल्या सळईत बिट अडकलं की भिंत फिरत नाही, यंत्र फिरतं, आणि यंत्रामागून धरणाऱ्याचं मनगट. दोन्ही हात, पाय फाकून, जमिनीवर. स्टूल नको, टबाचा काठ तर मुळीच नको. बटण दाबलेलं ठेवायची एक कळ आहे, तिला शिवलात तर माझ्याशी गाठ आहे. बोट उचललं की यंत्र थांबलं पाहिजे.

पेटीत बंद कडांचा चष्मा आहे, धुळीसाठी मास्क आहे आणि कानांवरचे डबे आहेत. डबे घालायचा कंटाळा आला की माझा चेहरा आठवा. हातमोज्यांचे धागे लोंबायला नकोत, बाह्या दुमडा. आणि भावोजी, तो गळ्यातला टेप! झोपतानासुद्धा तुम्ही तो काढत नाही, असं ताई म्हणते. फिरत्या बिटाने तो पकडला तर तुमचं शेवटचं माप तेच घेईल.

भिंतीवरच्या फरशीला आधी चिकटपट्टी लावा म्हणजे टोक घसरणार नाही, आणि ठोका बंद करून नुसतं फिरवा. फरशी पार झाली की प्लग काढा, बिट बदला, मग ठोका चालू. मधून मधून बिट मागे घेऊन धूळ बाहेर येऊ द्या. थांबल्यावर बिटाला बोट लावून बघू नका, इस्त्रीपेक्षा तापलेलं असतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट विजेची. तार कुठून जाते ते कळल्याशिवाय टोक टेकवायचं नाही, आणि कळलं तरी घरातले सगळे फ्यूज काढून खिशात घालायचे. यंत्राला वीज शेजारून आणा. तार माहीत असणं वेगळं आणि फ्यूज खिशात असणं वेगळं.

करण्याआधी मला कळवा. आणि ताईला यातलं काही कळू देऊ नका.

माया आहे म्हणूनच ओरडतो, हे समजून घ्यावे.
आपला,
वितोल्द


आरोग्यधाम, १० नोव्हेंबर

प्रिय सेवेरिन, स. न.

समोरच्या रोमुआल्दाचा काल फोन आला होता. हिरवी पेटी जिन्यातून वर नेताना तू प्रत्येक वळणावर बसलास आणि प्रत्येक वळणावर वेगळी कविता म्हटलीस, असं तिने सांगितलं. ती पेटी मी ओळखते. वितोल्दने माझ्यापासून लपवायचं म्हणून पाठवली असणार, म्हणूनच हिरवी पाठवली, अख्ख्या लुब्लिनला दिसेल अशी.

तुझ्या हातात कात्री असली की मी डोळे मिटून विश्वास ठेवते. पण तू कोटांसाठी खुंटी ठोकली होतीस ती आठव. पाहुण्याचा कोट खुंटीसकट माझ्या बीटच्या सूपमध्ये पडला. त्या माणसाने पुन्हा आपल्याकडे पाऊल टाकलं नाही, आणि तो तुझा मालक होता.

मी विचार केला आहे. सिस्टरांचा आश्रम वाईट नाही. बाग आहे, छोटं प्रार्थनाघर आहे. इथली एक बाई तिकडून आलेली आहे, ती सांगते की जेवण गरम असतं. तू ट्रॉलीबसने येशील. दुपारी आपण बाकावर बसू. तुझ्या हाताला काही झालं, डोळ्यात काही गेलं, तर मी त्या आश्रमात पडून काय करीन, ते तू विचारात घेतलं नाहीस. पेटी परत पाठव.

खिडकीतल्या जिरॅनियमला पाणी कमी घाल. लोकरीची करडी शाल पाठव, इथे संध्याकाळी पाय गार पडतात.

जिवाला जपावे, हेच मागणे.
तुझी,
अनिएला


लुब्लिन, ११ नोव्हेंबर

चि. वितोल्द यास अ. आ. वि. वि.

आज राष्ट्रीय सणाची सुट्टी. सगळ्या गॅलऱ्यांत झेंडे लागले आहेत आणि मी तळघरात बटाट्यांशेजारी काँक्रीटच्या तुटक्या ठोकळ्यावर सराव करून आलो. अंगावर इतकी पांढरी धूळ होती की जिन्यात रोमुआल्दाबाईंनी छातीवर क्रूस काढला.

तुझं यंत्र म्हणजे शंभर सुतारपक्षी एका पिंजऱ्यात. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा माझे दात मोजता आले. पण मग एक युक्ती सापडली. बिट मधून मधून मागे घ्या, असं तू लिहिलंस, पण मधून मधून म्हणजे किती? मी मास्तरांची नांगरणीची कविता मनात म्हणू लागलो. एक चरण आत, यतीला बोट सैल, दुसऱ्या चरणाला बिट मागे, धूळ बाहेर. तुला हसू येईल, पण भोक सरळ आणि स्वच्छ पडलं. मास्तर पट्टी आपटायचे ती याचसाठी असणार.

अनिएलाचं पत्र तिथल्या एका नर्सबाईंनी आणून दिलं. पेटी परत पाठव म्हणते. आश्रमाची तिने इतकी स्तुती केली आहे की मला संशयच आला. ज्या गोष्टीची तिला खरी आवड असते तिची ती कधी स्तुती करत नाही. मला तर आजवर एकदाही चांगलं म्हणालेली नाही. शाल पाठवली. पेटी पाठवणार नाही.

तारेचाही शोध लागला. समोरच्या रोमुआल्दाबाईंचं न्हाणीघर अगदी आमच्यासारखं आहे. दोन वर्षांमागे त्यांनी ते नवं करून घेतलं, टब उजवीकडे, बेसिन मधे, वर दिवा, सगळं आमच्या इथल्याप्रमाणे. त्या वेळी वीजवाल्याने तार शोधून फरशीवर लाल ठिपके दिले होते, ते बाईंनी पुसलेले नाहीत. तार दिव्यापासून डावीकडे उतरते. उजवीकडे, टबाच्या बाजूला, भिंत कोरी. मी टेपने मापं घेतली (गळ्यातला टेप, आता काढून ठेवला आहे) आणि आमच्या भिंतीवर उजवीकडे शिंप्याच्या खडूने फुल्या मारल्या.

शनिवारी करणार. रविवारी आमच्या जिन्यात कोणी यंत्र लावलं तर त्याला आयुष्यभर कोणी मीठ उसनं देणार नाही. रीतीप्रमाणे खाली दारावर सूचनाही लावली आहे:

शनिवारी दहा ते बारा थरथरेल भिंत,
क्षमा करा शेजाऱ्यांनो, करू नका खंत.

बेनेदिक्तने खाली पेन्सिलीने लिहिलं आहे की केक कधी मिळणार.

तू कळवायला सांगितलंस म्हणून कळवलं. ममता आहे ती वाढती ठेव.
तुझा,
सेवेरिन


तार. तोरुनहून लुब्लिनला, १४ नोव्हेंबर

थांबा. समोरचं घर आरशातलं. तार तुमच्या उजवीकडे. वितोल्द


लुब्लिन, १५ नोव्हेंबर

चि. वितोल्द यास अ. आ.

आधी हे वाच: मी धडधाकट आहे. दोन्ही हात जागेवर आहेत, हे अक्षर त्यांचंच.

काल सकाळी मी सगळे फ्यूज काढले आणि तू सांगितल्याप्रमाणे खिशात घातले. रोमुआल्दाबाईंच्या घरातून लांब वायर ओढली. ती कोणाच्या पायात येऊ नये म्हणून बाई स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या. डबे कानांवर, चष्मा डोळ्यांवर, मास्क तोंडावर. आरशात पाहिलं तर एक मोठी माशी उभी होती. पहिली फुली. फरशी अलगद उघडली, बिट बदललं, ठोका लावला. एक चरण आत, एक बाहेर. लोण्यात सुरी जावी तसं भोक पडलं. मला इतका अभिमान वाटला की दुसऱ्या कडव्याला मी मोठ्याने म्हणू लागलो.

तेवढ्यात तुझी तार घेऊन टपालवाली आली. बेल वाजवते तर बेल मुकी, कारण फ्यूज माझ्या खिशात. दार ठोठावते तर माझ्या कानांवर डबे. रोमुआल्दाबाईंनी तार वाचली, आतून माझा आवाज ऐकला, आणि त्यांच्या भिंतीतला प्लग उपटला. माझं यंत्र चरणाच्या मधेच बसलं.

मी चिडून बाहेर आलो. बाईंनी कागद पुढे केला. वाचला. परत आत गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि टबाच्या काठावर पडलेली धूळ बोटाने चाळली. पिठासारख्या धुळीत चंदेरी धागा चमकला. वितोल्द, मी शिंपी आहे, धागा ओळखतो. ती तार होती. पहिल्याच भोकात मी तिचे दोन तुकडे केले होते.

खिशात हात घातला. फ्यूज तिथेच होते. मी ते जमिनीवर बसून पुन्हा पुन्हा मोजले. बाईंनी साखर घातलेला चहा आणून दिला आणि मग जे बोलायला सुरुवात केली ती टपालवालीसुद्धा ऐकत उभी राहिली. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्याकडे टब पूर्वी डावीकडेच होता, तो उजवीकडे घ्यायला त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला, आणि हे मी त्यांना विचारायचं होतं. मला कसं सुचावं! टब हलला, बेसिन हललं, घर अगदी आमच्यासारखं दिसू लागलं. भिंतीची हाडं मात्र जिथल्या तिथे राहिली. जिन्याच्या दोन बाजूंची घरं उजव्या-डाव्या बाहीसारखी असतात, हे बिल्डिंगमधलं शेंबडं पोरही जाणतं. सगळा जन्म उजव्या-डाव्या बाह्या कापल्या, एकदाही चुकलो नाही, आणि इथे एकाच कापडातून दोन्ही उजव्या काढायला निघालो.

आता घरात उजेड नाही. हे मेणबत्तीवर लिहितो आहे. दांडा टेबलावर पडला आहे आणि त्यात ज्योत दिसते. सोडून देईन असं समजू नकोस.

तुझ्या तारेला दीर्घायुष्य लाभो, आणि तुलाही.
तुझा,
सेवेरिन


आरोग्यधाम, १८ नोव्हेंबर

सेवेरिन,

नमस्कार-चमत्कार राहू देत. रोमुआल्दाने सगळं सांगितलं. तुला वाटलं असेल ती सांगणार नाही. ती सांगितल्याशिवाय जेवत नाही.

मी रागावले नाही. रागावण्यापलीकडे गेले आहे. काल व्यायामाच्या वेळी माझे पायच चालेनात. बाईंनी विचारलं काय झालं, तर मी म्हणाले की नवऱ्याने भिंतीतली वीज कापली. त्यांना वाटलं मला भ्रम झाला.

सोमवारी आश्रमाच्या कागदावर सही करते आहे. तू त्या यंत्राला पुन्हा हात लावायचा नाहीस. खाटेवर पडून तुझी वाट बघणं मला जमेल. तुझ्या बातमीची वाट बघणं जमणार नाही.

शाल मिळाली. तिच्या काठाला तू नवी फीत शिवलीस ते पाहिलं.

अनिएला


लुब्लिन, २२ नोव्हेंबर

प्रिय अनिएलास, स. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकलं नाही. बेनेदिक्त उद्या पहिल्या बसने स्वतः आणून देईल. त्याच्या हातात ते का दिलं, ते शेवटी कळेल. तोवर पेन खाली ठेव.

तुझं ऐकलं नाही. लग्नापासून बहुधा प्रथमच, तेव्हा एवढं सांभाळून घे.

वीज गेली, हे आपल्या पथ्यावर पडलं. दांड्यासाठी सोसायटीला नवीन वर्ष लागणार होतं, अंधारासाठी त्यांनी सोमवारीच माणूस धाडला. त्याने कानाला कुजबुजणारं एक यंत्र भिंतीवर फिरवलं, तुटलेली तार कायमची बाद केली, नवी छताजवळून पट्टीतून नेली. टबाच्या बाजूला अजून काय काय दडलं आहे ते मी त्याच्याकडून तपासून घेतलं. पाण्याचा नळ कुठे, सळया कुठे, सगळं त्याने लाल रेघांनी काढून दिलं. भिंत आता कापायला काढलेल्या कोटासारखी दिसते. या वेळी मी माप दुसऱ्याच्या अंगावर घेतलं नाही.

काल शनिवार. सूचना पुन्हा लावली, या वेळी यमक जुळवलं नाही, रोमुआल्दाबाईंनी मनाई केली. फ्यूज पुन्हा खिशात. जुन्या भोकाच्या वीतभर खाली नव्या फुल्या. सुरुवातीला धीर होईना, हे तुझ्यापासून लपवत नाही. मग मी यंत्र खाली ठेवलं, स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यालो, आणि धीर आल्यावरच परत आलो. घाई कोणाला होती? मास्तर म्हणायचे, पाठ नसेल तर उभा राहू नकोस, उभा राहिलास तर मधे थांबू नकोस. मी दुसरं अर्धं मोडलं. जिथे शंका आली तिथे थांबलो.

तिसऱ्या भोकाला बिट सळईत अडकलं. यंत्राने एकदम हिसका दिला, पण माझे दोन्ही हात मुठींवर होते आणि बोट सुटलं तसं ते थांबलं. रागाने पुन्हा दाबावंसं वाटलं. दाबलं नाही. दांड्याच्या टोकाची, बोल्टांच्या भोकांची चकती थोडी फिरवली आणि सळईच्या शेजारून गेलो. कापडात गाठ आली तर सुई मोडायची नसते. सायकलच्या पंपाने भोकातली धूळ काढली, बोल्ट घातले, आवळले.

आता तुला पटावं कसं? माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि खुंटीचा इतिहास माझ्या बाजूने नाही. म्हणून आधी मी लटकलो. दांडा हलला नाही, पण माझं वजन ते काय! मग बेनेदिक्तला खाली बोलावलं. त्याला तू पाहिलं आहेस, लिफ्ट असती तर त्याच्यासाठी दोन फेऱ्या लागल्या असत्या. तो दोन्ही हातांनी लटकला, पाय उचलले, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिला. मी विचारलं काय म्हणतोस, तर म्हणाला प्रार्थना. दांडा केसभरही सरकला नाही. मग रोमुआल्दाबाई म्हणाल्या की मला का नाही. त्यांच्यामागून जिन्यातलं एकेक जण खसखशीच्या केकसाठी आलं आणि दांड्याला लटकून गेलं. तळमजल्यावरची ती वेणीवाली शिक्षिका तर दोनदा आली.

बेनेदिक्त समोर उभा असेल. त्याला विचार. तो धडधडीत खोटं बोलू शकत नाही, लगेच कान लाल होतात. त्याचे कान बघ आणि मगच सही करायची की नाही ते ठरव.

मी आग्रह करणार नाही. पण दांडा माझ्या उंचीला लावलेला नाही, तुझ्या उंचीला लावला आहे. तुझी मापं मला पाठ आहेत.

ओढ आहे, ती कळावी.
तुझाच,
सेवेरिन


लुब्लिन, २९ नोव्हेंबर

चि. वितोल्द यास अ. आ. वि. वि.

काल तुझी ताई घरी आली. कागद तिने सही न करताच परत केला. बेनेदिक्तचे कान तिने इतके निरखून पाहिले, की तो सांगतो, आरोग्यधामातल्या डॉक्टरलाही वाटलं काही रोग आहे.

जिना ती स्वतः चढली. प्रत्येक वळणावर मी खुर्ची ठेवली होती, एकाही खुर्चीवर ती बसली नाही. वर आल्यावर जिरॅनियमकडे पाहिलं आणि पाणी जास्त झालंय म्हणाली. न्हाणीघरात डोकावून दांड्याकडे पाहिलं आणि किंचित वाकडा आहे म्हणाली. आहे वाकडा. चकती फिरवल्याचा परिणाम. मी सरळ करतो म्हणालो तर माझ्याकडे असं पाहिलं की मी टेप परत खिशात ठेवला.

दुपारी तिला आंघोळ करायची होती. व्यायामाच्या बाईंनी पढवल्याप्रमाणे मी टॉवेल घेऊन आत उभा राहिलो. तिने मला बाहेर काढलं. मी म्हणालो दार लोटून घे, पण कडी लावू नकोस, बाईंनी बजावलं आहे. तिने दार लावलं आणि आतून कडी सरकवली.

वितोल्द, हाडं जुळतात, भिंती भेदता येतात, पण कडीच्या त्या आवाजानंतर दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते कोणत्या कवितेत मला सापडलं नाही. पाणी वाजलं. थांबलं. काठी टबाला लागल्याचा आवाज आला आणि मी दाराला कान लावला. मग आतून विचारणा झाली, की तू दाराशीच उभा आहेस का. मी नाही म्हणालो. मग तिथून जरा लांब जा, अशी आज्ञा आली. मी स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलू लागलो. एवढे सोलले की आज सगळ्या जिन्याला पुरतील.

फार वेळाने ती बाहेर आली, केस ओले, चेहरा लाल, करडी शाल खांद्यावर. बटाट्यांच्या ढिगाकडे पाहून हसली.

यंत्र पुसून, तेल लावून, पेटीत ठेवलं आहे. पुढच्या बसने धाडतो. तुझा गुडघा शिवणीत नीट बसो. मायेचा धागा उसवू देऊ नकोस.
तुझा,
सेवेरिन

ता. क. वितोल्द, तो टपालाची तिकिटं शोधतो आहे, तोवर मी लिहिते, पाकीटही मीच चिकटवणार. आंघोळ लवकरच आटोपली होती. उरलेला सगळा वेळ मी नुसती दांडा धरून उभी होते. पडले त्या दिवसापासून काल दुपारपर्यंत कोणी ना कोणी माझ्या काखेत हात घालूनच होतं, झोपेतसुद्धा. काल बंद दाराआड मी एकटी होते आणि पायांवर होते. थोडी रडलेही, पाणी सोडून, ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला सांगू नकोस, लगेच कडवं रचील. — अनिएला